मागितलं काय होतं त्यांनी? (फोनच्या कारखान्यातली माणसं : चीन, कोरिया, मलेशिया)

पाऊलवाट

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक ट्रेड शिकवतो, चौदा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात कंपन्या येतात, पोरंपोरी निवडून नेतात, आणि दरवर्षी कुणाचे तरी वडील वर्गाबाहेर थांबून विचारतात, "सर, कंपनी कशी आहे हो?" मला माहीत असतो पगाराचा आकडा आणि बसचा रूट, आत काय चालतं ते मला कोण सांगणार. म्हणून मग मी बाहेरच्या देशांतल्या कारखान्यांचं मिळेल तिथून वाचायला लागलो, कारण जी लाइन आज आपल्याकडे येतेय ती तिकडे पंचवीस-तीस वर्षं चाललेली आहे, तिथे माणसांचं काय झालं हे आपल्याला माहीत असायला हवं.

सुरुवात एका मुलीपासून करतो. नाव मुद्दाम देत नाही. वय १७, हुबेई प्रांतातल्या खेड्यातली, फेब्रुवारी २०१० मध्ये शेन्झेनच्या लोंगहुआला फॉक्सकॉनमध्ये, म्हणजे अ‍ॅपलसारख्यांचे फोन जोडून देणाऱ्या तैवानी कंपनीत, लागली. तो कारखाना म्हणजे तीन-चार लाख माणसांचं शहर, आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या गावापेक्षा मोठं. हिचं काम काचेच्या स्क्रीनवर ओरखडा आहे का ते बघायचं, बारा-बारा तास. मूळ पगार महिन्याला ९०० युआन, ओव्हरटाइम धरून १४०० च्या आसपास. महिना भरला, सगळ्यांना पगाराची कार्डं मिळाली, हिला नाही. लाइन लीडर म्हणाला तुझं कार्ड ग्वानलानच्या कारखान्यात आहे, तिथे जा. एकटी बस पकडून गेली. या बिल्डिंगमध्ये विचार, त्या बिल्डिंगमध्ये विचार, या मजल्यावरून त्या मजल्यावर, कुणी धड सांगेना. हातातले घरचे पैसे संपलेले, मोबाइल फुटलेला, परत आली. १७ मार्चला सकाळी होस्टेलच्या चौथ्या मजल्यावरून उडी मारली. वाचली, पण कमरेखालचं अंग गेलं. कामाला लागून जेमतेम सदतीस दिवस झाले होते.

त्या एका वर्षात फॉक्सकॉनच्या १८ कामगारांनी असा प्रयत्न केला, १४ गेले. सगळे सतरा ते पंचवीसच्या मधले. मग इमारतींना जाळ्या लावल्या, कामगारांकडून 'आत्महत्या करणार नाही' असं लिहून घेतलं, त्यावर ओरड झाल्यावर ते मागे घेतलं, आणि जूनमध्ये पगार ९०० चा १२०० केला. जाळ्यांचे फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितले असतील. माझ्या डोक्यात मात्र ते कार्ड राहिलंय. तिला स्वतःच्या कामाचा पगार पाहिजे होता, आणि तो कुठे मिळेल हे सांगणारा एक माणूस. एवढंच.

बाकीच्या ठिकाणांचंही वाचत गेलो तर पुन्हापुन्हा हेच दिसतं, लोकांनी मागितलेलं अगदी साधं असतं. कुणाला काही माहीत असेल, कुणी अशा लाइनवर काम केलं असेल तर लिहा प्लीज.

चिमटा_आणि_सोल्डर

सर मी केलंय. रांजणगावच्या बाजूला एका कारखान्यात, नाव नको. तीन वर्षं ट्रेनी म्हणून, मग काढलं. बोर्ड असेंब्ली. टोपी, मास्क, अ‍ॅप्रन, मनगटाला पट्टा, त्याची वायर टेबलाला लावायची, त्यामुळे हात लांब गेला की पट्टा ओढतो. आमचं टार्गेट बोर्डावर लाल आकड्यात दिसायचं, एक पीस बावीस सेकंद. सुरुवातीला वाटतं बावीस सेकंद म्हणजे काय, काहीच नाही, आणि मग आठव्या तासाला कळतं की आपण सकाळपासून एकदाही नीट मान वर केलेली नाहीये. रात्री झोपेत सुद्धा बोटं हलायची माझी, आई हात धरून बसायची.

मला विचाराल तर सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर सुपरवायझर नावाने कधी हाक मारायचा नाही. "ए सात नंबर". सात नंबर म्हणजे स्टेशन सात.

माझी भाची आता अशाच एका मोबाइलच्या प्लांटला आहे, दुसऱ्या राज्यात. तिला हा धागा पाठवणार आहे.

घाटावरचा

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजूही मांडतो, राग मानू नका. मी शेतकरी कुटुंबातला. सतरा वर्षांची मुलगी खेड्यात राहिली असती तर काय होतं तिला? दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली असती, तेही उन्हात, तेही बिनहिशेबी. तीन-चार लाख लोक तिथे जातात ते कुणी ओढून नेलेले नाहीत, गेटवर रांगा असायच्या. आणि पुढे पगार वाढलेच ना. शेन्झेनचं किमान वेतन २०१० ला ११०० युआन होतं, २०१५ ला २०३०. पाच वर्षांत जवळजवळ दुप्पट. आपल्याकडे असं कुठे झालं? आणखी एक, लाखो माणसांत १४ हा आकडा चीनच्या सरासरीपेक्षा कमीच होता असं तेव्हाही बऱ्याच जणांनी मांडलं होतं.

पाऊलवाट

घाटावरचा, राग कसला. पगार वाढला हे खरंच आहे, आणि रांगा होत्या हेही खरं. पण सरासरीचं मला पटत नाही. देशाच्या सरासरीत म्हातारे येतात, आजारी येतात, कर्जात बुडालेले शेतकरी येतात. हे सगळे एकाच मालकाचे, एकाच वयाचे, बहुतेक एकाच पद्धतीने, काही महिन्यांच्या आत. एखाद्या शाळेत एका वर्षात असं झालं तर आपण सरासरी काढू का?

आणि पगार आपोआप वाढला नाही. मे २०१० मध्येच फोशानजवळ नानहाईला होंडाच्या पार्ट्सच्या कारखान्यात जवळजवळ १८०० कामगारांनी संप केला, होंडाची चीनमधली गाड्यांची असेंब्ली थांबली, त्यांना वाढ मिळाली, आणि तिथून पुढे त्या पट्ट्यात ठिकठिकाणी संप झाले. फॉक्सकॉनने वाढ दिली ती १४ मरणांनंतर आणि जगभर छी-थू झाल्यावर. चीनमध्ये सरकारी युनियन एकच, दुसरी काढायची परवानगी नाही. मग लोक काय करणार, काम बंद करून गेटवर उभे राहणार, किंवा छतावर चढणार. जानेवारी २०१२ ला वुहानच्या फॉक्सकॉनमध्ये दीडशेच्या आसपास कामगार खरंच छतावर चढले होते, मागण्या मान्य करा नाहीतर उडी मारतो म्हणून. एक्सबॉक्स या गेमच्या मशीनची लाइन होती. गावात रोजगार नाही म्हणून लोक गेले, हे मान्य. पण गरजेपायी आलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळायची जबाबदारी कमी होते का?

शिवारातली

वाचतेय. "सात नंबर" वाचून पोटात कालवलं.

सुझोऊ_ते_सातारा

मी खरेदी विभागात होतो, कामानिमित्त चीनला आठ-दहा वेळा गेलोय, सुझोऊला जास्त. तिथली विनटेकची गोष्ट इथे यायलाच पाहिजे.

विनटेक म्हणजे तैवानची कंपनी, टचस्क्रीन बनवायची, अ‍ॅपलला पुरवायची. स्क्रीन शेवटी पुसून द्यायची असते, त्यासाठी अल्कोहोल वापरायचे. २००८ मध्ये कधीतरी त्याच्या जागी एन-हेक्झेन आणलं. कारण एवढंच की ते अल्कोहोलपेक्षा लवकर उडतं, डाग राहत नाही, पीस पटकन पुढे जातो. बंद खोली, हवा खेळती नाही, आणि कामगारांना कुणी सांगितलं नाही की बदललंय. काही महिन्यांत पोरांना हातापायाला मुंग्या यायला लागल्या, मग बधिरपणा, मग जिना चढता येईना, बटण लावता येईना. हेक्झेन नसा मारतं. जानेवारी २०१० ला तिथे दोन हजार कामगारांनी काम बंद केलं, बोनस कापला म्हणून आणि या आजाराबद्दलही. अ‍ॅपलने फेब्रुवारी २०११ च्या अहवालात कबूल केलं की १३७ कामगारांना बाधा झाली. त्यातल्या काही जणांनी स्टीव्ह जॉब्जला पत्रही लिहिलं, कारण त्यांचं म्हणणं होतं नुकसानभरपाई देऊन आमचे राजीनामे घेतायत, उद्या पुन्हा त्रास झाला तर बघायचं कुणी.

आता मी खरेदीतला माणूस, मला ती बाजूही माहितीये. सप्लायरला आम्ही काय म्हणायचो, तर रेट कमी कर आणि डिलिव्हरी लवकर दे. आम्ही कधी म्हणालो नाही की हेक्झेन वापर. पण दर तिमाहीला दोन टक्के कापून मागितले की समोरचा ते कुठून काढतो, हे आम्ही कधी विचारलं नाही. ते न विचारणं माझ्यावर आहे, तेव्हाही होतं.

आयफोन ४ चा अभ्यास अमेरिकेतल्या अभ्यासकांनी केला होता, २०१० च्या किमतीवर. विक्रीच्या किमतीतला चिनी मजुरीचा वाटा १.८ टक्के निघाला. अ‍ॅपलचा नफा ५८.५ टक्के. मजुरी दुप्पट केली असती तरी ग्राहकाला फार कळलंही नसतं.

चिमटा_आणि_सोल्डर

सुझोऊ_ते_सातारा, थांबा थांबा. पुसायचं अल्कोहोल म्हणजे आयपीए, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ना? ते आम्ही रोज वापरायचो! बारीक नळीची प्लास्टिकची बाटली, पिवळट कापड, बोर्डावरचा फ्लक्स, म्हणजे सोल्डरिंगचा चिकट थर, पुसायचा. त्याचा वास डोक्यात बसतो, घरी गेल्यावरसुद्धा पदराला येतो. बाटलीवर काही लिहिलेलं नसायचं, मोठ्या ड्रममधून भरून आणून द्यायचे. आम्ही आपलं "आयपीए दे गं इकडे" म्हणायचो, आतमध्ये खरंच आयपीएच आहे का ते कोण बघतंय. आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

सुझोऊ_ते_सातारा

हो, तेच. आयपीए त्या मानाने सौम्य आहे, हवा खेळती पाहिजे एवढं. पण प्रश्न तुम्ही म्हणता तोच आहे, बाटलीत काय आहे हे भरणाऱ्याला माहीत, पुसणाऱ्याला नाही.

हान_नदीकाठी

मी कोरियात सहा वर्षं होते, पीएचडीसाठी. बाटलीवरून आठवलं म्हणून लिहिते, जरा मोठं होईल.

सोलमध्ये गांगनाम स्टेशनच्या आठ नंबरच्या एक्झिटला सॅमसंगच्या चकचकीत इमारती आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी फुटपाथवर प्लास्टिकचा एक तंबू होता. २०१७ च्या हिवाळ्यात मी तिथून रोज जायचे. उणे दहा असायचं कधीकधी. आत दोन-चार माणसं पांघरुणं घेऊन बसलेली, बाहेर वारलेल्या कामगारांचे फोटो. एक दिवस मी थांबले, मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये विचारलं हे कोण, तर एका बाईंनी मला आत बसवून गरम चहा दिला आणि सांगत बसल्या.

ह्वांग यु-मी नावाची मुलगी. शाळा संपता संपता २००३ ला गिहुंगच्या सॅमसंग सेमीकंडक्टरच्या तीन नंबरच्या लाइनवर लागली. काम काय, तर चिपच्या चकत्या, वेफर म्हणतात, त्या केमिकलमध्ये बुडवून काढायच्या. दोन वर्षांत ल्युकेमिया. तिच्या जोडीला त्याच जागी काम करणारी बाई, तिलाही ल्युकेमिया, ती २००६ ला गेली. यु-मी मार्च २००७ ला गेली, २२ वर्षांची होती. तिचे वडील ह्वांग सांग-गी सोकचो गावात टॅक्सी चालवायचे. हॉस्पिटलमधून घरी नेताना त्यांच्याच टॅक्सीच्या मागच्या सीटवर, हायवेवर ती गेली. बाप गाडी चालवतोय.

एका जागेवरच्या दोघींना एकच दुर्मीळ आजार कसा, एवढंच त्यांना विचारायचं होतं. कंपनीचं म्हणणं, कामाशी संबंध नाही. सरकारी विमा खात्याने अर्ज फेटाळला. मग त्यांनी आणि काही कार्यकर्त्यांनी २००७ च्या अखेरीला 'बानोलिम' ही संघटना काढली. टॅक्सीवाला माणूस, तो देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीसमोर उभा राहिला, आणि एकेक करत इतर घरांतून फोन यायला लागले, आमच्याही मुलीला हेच झालं, आमच्या नवऱ्याला. वापरलेली केमिकलं कोणती ते सांगा म्हटलं तर उत्तर यायचं, व्यापारी गुपित आहे. आजारी माणसानेच सिद्ध करायचं की कामामुळे झालं, आणि सिद्ध करायला लागतो तो कागद गुपित. २०११ ला सोलच्या कोर्टाने यु-मीच्या बाजूने निकाल दिला, २०१४ ला हायकोर्टात तो टिकला.

तो तंबू ऑक्टोबर २०१५ ला लागला होता आणि जुलै २०१८ ला उठला. १,०२३ दिवस. नोव्हेंबर २०१८ ला कंपनीने जाहीर माफी मागितली आणि १९८४ पासूनच्या कामगारांना भरपाई कबूल केली, माणशी जास्तीत जास्त १५ कोटी वॉन. सह्यांच्या दिवशी ह्वांग सांग-गी तिथे होते. मुलगी जाऊन साडेअकरा वर्षं झाली होती.

मी ज्या बाईंकडे चहा प्यायले त्यांचं कुणीच त्या कारखान्यात नव्हतं. त्या नुसत्या येऊन बसायच्या, आठवड्यातून दोन रात्री.

शिवारातली

हान_नदीकाठी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मागच्या सीटवर लेक गेली आणि गाडी चालवायची. पुढचं लिहवत नाही.

पेनांगचा_पाऊस

मी मलेशियात पेनांगला प्रोसेस इंजिनिअर होतो, एका मोठ्या कंपनीला पार्ट्स पुरवणाऱ्या कारखान्यात. नाव लिहीत नाही. माझ्या फ्लोअरवर अर्ध्याहून जास्त मुलं नेपाळची, थोडी बांगलादेशची, मुली इंडोनेशियाच्या. नेपाळी मुलं माझ्याशी हिंदीत बोलायची, "सर आप इंडिया से हो ना" करून लगेच मोकळी व्हायची, म्हणून मला जे कळलं ते माझ्या मलेशियन बॉसला कधी कळलं नसेल.

एक मुलगा होता, तेविसेक वर्षांचा, धनगढीकडचा. एजंटला पैसे द्यायला त्याच्या वडिलांनी सावकाराकडून कर्ज काढलेलं, महिन्याला तीन टक्के व्याज. पहिलं दीड वर्ष त्याने घरी जे पाठवलं ते सगळं व्याजातच गेलं. काठमांडूत त्याला एक पगार सांगितला होता, इथे उतरल्यावर सहीला दुसराच कागद पुढे आला, इंग्रजी आणि मलय भाषेत. पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात, "सुरक्षिततेसाठी". बापाची तब्येत बिघडली तेव्हा तो माझ्याकडे आला, सर पासपोर्ट पाहिजे. मी एचआरला गेलो. त्या म्हणाल्या मुदतीआधी गेला तर दंड भरावा लागेल. दंड त्याच्या चार महिन्यांच्या पगाराएवढा. आम्ही भारतीयांनी मिळून वर्गणी काढली, तोवर बाप गेला होता.

मला वाटायचं हा आमच्याच कंपनीचा नीचपणा आहे. मग २०१४ ला व्हेरिटे या संस्थेचा अहवाल आला. मलेशियाच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगातल्या ५०१ कामगारांशी बोलून केलेला. २८ टक्के जण सक्तीच्या मजुरीच्या व्याख्येत बसत होते. सक्तीची मजुरी म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे वेठबिगारी येते, साखळदंड येतात. इथे साखळी कसली, कर्ज, कपाटातला पासपोर्ट आणि न समजणारा करार. त्यानंतर मोठ्या कंपन्यांच्या आचारसंहितेत आलं की कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायचे नाहीत, घेतलेत तर परत करा. काही ठिकाणी खरंच परत मिळाले. पण मी असेपर्यंत आमच्याकडे ऑडिटच्या आदल्या दिवशी पासपोर्ट वाटायचे आणि नंतर गोळा करायचे.

घाटावरचा

पेनांगचा_पाऊस, हे माझ्या घरासारखं आहे. आमच्याकडे ऊसतोडीला मुकादम उचल देतो, मग हंगामभर माणूस बांधलेला. स्वतःहून गेले असं मी वर लिहिलं. उचल घेतलेला माणूस स्वतःहून गेला असं माझ्या गावात कुणी म्हणणार नाही. ते वाक्य मी मागे घेतो. किमान वेतनाचं म्हणणं मात्र कायम.

तळेगाव_स्टेशन

२०२२ चं झेंगझोऊ राहिलं की.

हेनान प्रांतात फॉक्सकॉनचा जो कारखाना आहे त्याला आयफोन सिटी म्हणतात, दोन लाखांच्या आसपास माणसं. ऑक्टोबर २०२२ ला कोविड पसरला. बंद वर्तुळ, म्हणजे होस्टेल ते लाइन, लाइन ते होस्टेल, बाहेर जायचं नाही. जेवणाचे हाल, बरं नसलेल्यांबरोबरच राहायचं, कुणाला लागण झाली कुणाला नाही काही कळेना. तर लोकांनी कुंपणावरून उड्या मारल्या आणि चालत निघाले. पिशव्या, गुंडाळलेली पांघरुणं, शेतांतून, हायवेच्या कडेने, काही जण शंभर किलोमीटर लांबच्या गावांना. रस्त्याकडेच्या गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी पाणी आणि खायचं मांडून ठेवलं होतं. तो व्हिडिओ बघताना मला मे २०२० चा कसारा घाट दिसत होता, आम्ही मंडळाच्या पोरांनी तिथे केळी आणि पाणी वाटलं होतं, तशीच माणसं, तशीच पायांना फडकी गुंडाळलेली.

तर कारखाना ओस पडला, आणि हंगाम तर ऐन ख्रिसमसच्या आधीचा. मग जादा बोनस जाहीर करून नवी भरती केली. नवे आले, त्यांना कळलं की सांगितलेला बोनस आता लगेच नाही, पुढच्या महिन्यांवर ढकललाय, अटी बदलल्यात. २२ नोव्हेंबरच्या रात्री हजारो माणसं होस्टेलमधून बाहेर आली. पांढऱ्या संरक्षक सुटातले सुरक्षारक्षक आणि पोलीस एका बाजूला, पोरं दुसऱ्या बाजूला, लोखंडी कठड्यांचे तुकडे, लाठ्या. दोन दिवसांत कंपनीने माफी मागितली, म्हणे सिस्टिममध्ये माहिती भरताना तांत्रिक चूक झाली, आणि सांगितलं की ज्यांना जायचंय त्यांनी १०,००० युआन घ्या आणि जा. हजारो गेले.

माणूस लाठी खायला तयार झाला तो कशासाठी, तर जाहिरातीत लिहिलेला बोनस द्या म्हणून. सरांचा मुद्दा हाच आहे ना.

आणि मी तळेगावचा म्हणून एक लिहितो. सप्टेंबर २०२२ ला वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार म्हटल्यावर आपल्याकडे केवढं रान उठलं, सगळे पक्ष, सगळी चॅनल्स, आमच्या कट्ट्यावर तर भांडणं झाली. पुढच्या वर्षी फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर पडली. पण त्या सगळ्या गदारोळात, तिथे काम करणाऱ्या पोरांना कसं ठेवणार, किती तास, ठेकेदारामार्फत की परमनंट, हे विचारलेलं मी एकदाही ऐकलं नाही. मीही विचारलं नाही.

सुझोऊ_ते_सातारा

त्यात एक जोडतो. झेंगझोऊला ठेकेदारामार्फतचे कामगार २०१९ च्या ऑगस्टमध्ये निम्म्याच्या आसपास होते, चीनचा कायदा दहा टक्के म्हणतो. चायना लेबर वॉच या कामगार हक्कांच्या संस्थेने ते बाहेर काढलं आणि प्रमाण जास्त होतं हे अ‍ॅपलनेही मान्य केलं. हे माहीत असलं की बोनसची भांडणं तिथेच का होतात ते कळतं. शब्द देतो एजंट, हजेरी लावते कंपनी, पैसे येतात तिसरीकडून.

आणि फॉक्सकॉनचं चेंगदूही लक्षात ठेवा. मे २०११, आयपॅडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाठी पॉलिश करताना उडालेली धूळ साठून स्फोट, माणसं गेली. अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ हवेत दारूसारखी पेट घेते, हे कुठल्याही पॉलिशिंगवाल्याला माहीत असतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शांघायला दुसऱ्या सप्लायरकडे तसाच धुळीचा स्फोट, साठेक जखमी. मध्ये सात महिने होते. सात महिन्यांत एक्झॉस्ट बसवून होतो.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार, मला एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

तळेगाव_स्टेशन, तुम्ही लिहिलंत ते मलाही लागू. आणि आता हे लांबचं राहिलेलं नाहीच. डिसेंबर २०२० ला कोलारजवळ नरसापुरात आयफोन जोडणाऱ्या विस्ट्रॉनच्या प्लांटमध्ये तोडफोड झाली, तेव्हा बातम्यांत काचाच दाखवल्या, नंतर कर्नाटकच्या कारखाना खात्याच्या तपासणीत पगार आणि तासांचे घोळ निघाले. डिसेंबर २०२१ ला श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या मुलींना होस्टेलच्या जेवणातून विषबाधा झाली, १५९ जणी दवाखान्यात, आणि बाकीच्या मुली रात्री हायवेवर बसल्या, कारण आपल्या मैत्रिणी कुठे आहेत, जिवंत आहेत का, हे त्यांना कुणी सांगेना. पुन्हा तेच, माहिती. २०२४ ला त्याच गावात सॅमसंगच्या फ्रिज-वॉशिंग मशीनच्या कामगारांनी ३७ दिवस संप केला, मुख्य मागणी आमची युनियन नोंदवून घ्या ही होती. जानेवारी २०२५ ला ती नोंदली गेली. त्याच २०२४ च्या जून-जुलैमध्ये कोरियात सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासातला पहिला संप झाला होता, म्हणजे दोन्हीकडे एकाच साली.

आपल्या राज्यात सप्टेंबर २०२५ ला मंत्रिमंडळाने कारखान्यातले दिवसाचे तास ९ वरून १२ पर्यंत नेता येतील, आणि तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तास, याला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती लागेल असं म्हटलंय. संमतीचा कागद पोरांच्या पुढे जॉइनिंगच्या दिवशी बाकीच्या पंधरा कागदांबरोबरच येणार. यावर्षी मी वर्गात एक तास नुसता ठेवलाय त्यासाठी : जॉइनिंग लेटर कसं वाचायचं, पगाराची स्लिप कशी वाचायची, पीएफ कापला तर भरला का ते कुठे बघायचं. आणि केमिकलचं. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात कलम ४१ब आलं होतं, धोकादायक प्रक्रिया असेल तिथे मालकाने कामगारांना माहिती द्यायची म्हणून. प्रत्येक केमिकलचा एमएसडीएस, म्हणजे त्यात काय आहे आणि धोका काय हे सांगणारा कागद, असतो, तो बघायला मागायचा. मागायचा कसा हेही शिकवावं लागतं, कारण आमची पोरं "सर" म्हटल्यावर पुढे बोलतच नाहीत.

घाटावरचा

पाऊलवाट, त्या तासाच्या नोट्स इथे टाका. माझा पुतण्या चाकणला आहे, त्याला देतो. त्याची स्लिपच येत नाही, बँकेत पैसे येतात तेवढेच.

पाऊलवाट

टाकतो रविवारपर्यंत. आणि पुतण्याला सांगा, स्लिप लेखी मागायची, ईमेल नाहीतर अर्ज, तोंडी नको. दोघातिघांनी मिळून मागितली तर बरं.

चिमटा_आणि_सोल्डर

भाचीने धागा वाचला, होस्टेलमधल्या तिघींनाही वाचून दाखवला. सुझोऊचं वाचल्यावर त्या गप्पच झाल्या म्हणे, कारण त्याही स्क्रीन पुसतात. बाटलीवर काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं ड्रमवर असेल, फोटो काढ, तर फोन आत नेता येत नाही, लॉकरला ठेवतात. काल तिने टी-ब्रेकला स्टोअरच्या दारापर्यंत जाऊन ड्रमवरचं नाव पेनाने मनगटावर लिहून आणलं, पट्ट्याच्या खाली. रात्री मला वाचून दाखवलं एकेक अक्षर. आयसोप्रोपिल निघालं. मी खरंच रडले.

सुपरवायझरने बघितलं होतं तिला. काय करतेस तिथे म्हणाला. ही म्हणाली नाव वाचत होते. तो काहीच बोलला नाही, पण आज सकाळी चौघींच्या बाटल्यांवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती, त्यावर हाताने लिहिलेलं, आयपीए.